कॉलेजात नाव घातल्यावर

महाराष्ट्रात कॉलेजची तयारी तहसील कचेरीत सुरू होते. बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदाराची सही होऊन उत्पन्नाचा दाखला हातात पडावा लागतो. नॉन-क्रिमीलेयर प्रांताकडून. जातीचा दाखला असला तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र निराळे. शिवाय अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेले असेल तर तसे प्रतिज्ञापत्र. घरात आधी कोणी पदवी घेतलेली असेल तर ही यादी दहावीपासूनच फायलीत लागलेली असते. तसे कोणी नसेल तर ती जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते, आणि तेव्हा त्या रांगेत अख्खा तालुका उभा असतो.

यातले सर्वांत वेळखाऊ काम जात वैधतेचे. अनुसूचित जाती आणि जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे मुलाच्या प्रवेशासाठी आजोबांची, कधी पणजोबांची शाळा शोधायची. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत दाखलखारिज रजिस्टर निघते. पाने पिवळी, कडा कुरतडलेल्या, शाई फिकट. त्यात नाव सापडते, पण आडनावाच्या जागी गावाचे नाव असते, किंवा वडिलांच्या नावात एक काना कमी. मग वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या भावाच्या दाखल्याची जोड, कोतवाल बुकाची नक्कल. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या नोंदीवाचून गत्यंतर नाही. हे काम अकरावीत असतानाच हाती घ्यावे. ज्याच्या सख्ख्या चुलत भावाची वैधता झालेली आहे, त्याचे निम्मे काम झालेले असते; ती प्रत आधी मागून घ्यावी. नावांच्या स्पेलिंगचेही तसेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे अशी तीन नावे घेऊन वावरणारा विद्यार्थी पुढची तीन-चार वर्षे प्रत्येक खिडकीवर अडतो.

कॉलेजची बरीचशी व्यवस्था, घरचे कोणीतरी सांगेल, या गृहीतावर चालते. नोटीस बोर्डावर तारीख लागते, पण ती कशासाठी आहे ते लिहिलेले नसते. माहितीपुस्तिकेत नियम असतात, पण त्यातला कोणता पाळला नाही तर वर्ष जाते आणि कोणता नुसता छापण्यापुरता आहे, हे कळत नाही. त्यामुळे दोन सारख्या हुशार मुलांत पुढे जे अंतर पडते ते बुद्धीचे क्वचितच असते. एकाला हे सारे जेवता जेवता बहिणीकडून कळलेले असते, दुसऱ्याला दंड भरून कळते. घराण्यात पहिल्यांदाच पदवीला बसलेल्या मुलामुलींना जे माहीत असायला हवे, त्यातले बहुतेक वेळापत्रकाबाहेरचे आहे.

प्रवेशाच्या फेऱ्यांपासून हे दिसू लागते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने, ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात, त्यातून होतात. विकल्प भरताना गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून ‘मिळेल तेच’ वर टाकण्याची चूक सर्रास होते. जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होते. आवाक्याबाहेरचे कॉलेज वर लिहिले म्हणून खालचे हुकत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, पुढच्या फेरीची दारे बंद होतात. म्हणून यादीत सर्वांत वर मनापासून हवे असलेलेच नाव हवे. नेट कॅफेवाल्याने भरून दिलेला फॉर्म सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचावा. त्याच्याकडे त्या दिवशी चाळीस फॉर्म असतात.

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीला निवड विद्यार्थ्याच्या हाती जास्त असते, आणि तिथेच ती सर्वांत कमी विचाराने केली जाते. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असतात. विषय तेच, फीमध्ये मात्र मोठा फरक. अर्ज कोणत्या तुकडीचा आहे हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ‘नॅक’ची श्रेणी फलकावर मोठ्या अक्षरांत असते, पण कॉलेज कसे चालते ते पाहायचे तर कामाच्या दिवशी, दुपारी दोननंतर एक चक्कर मारावी. प्रयोगशाळेला कुलूप आहे का, वर्गात मुले आहेत का, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर किती विषय टाकलेले आहेत, हे दुसऱ्या वर्षाची मुले चहाच्या टपरीवर बिनदिक्कत सांगतात. ग्रंथालयात जाऊन आपल्या विषयाचे एक पुस्तक काढावे आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. शेवटचा शिक्का आठ वर्षांपूर्वीचा असेल, तर त्या कॉलेजात वाचन कशावर चालते ते समजून घ्यायला माहितीपुस्तिकेची गरज उरत नाही. जिथे हे शिक्के आता संगणकात गेले आहेत, तिथे पुस्तकाच्या पाठीवरची धूळही पुरते.

फीचा प्रश्न दाखल्यांशी बांधलेला आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाख. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतलेल्या मुलीला ही सवलत नाही, आणि हा फरक पैसे भरून झाल्यावर कळून उपयोग नसतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरायचा, पण भरून काम संपत नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. ‘कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग’ हे शब्द ज्याने महिनाभर पाहिले आहेत त्याला स्टुडंट सेक्शनच्या कारकुनाशी बरे संबंध ठेवण्याचे मोल कळते. पैसे ज्या बँक खात्याला आधार सीड केलेले आहे त्यातच पडतात, अर्जात लिहिलेल्या खात्यात पडतीलच असे नाही. शाळेत असताना काढलेले, विसरलेले, व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेले खाते हे शिष्यवृत्ती अडकण्याचे नेहमीचे कारण आहे. शिवाय नूतनीकरण दरवर्षी करायचे असते. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फीची थकबाकी दाखवली जाते, तीही नेमकी परीक्षेच्या हॉल तिकिटाच्या वेळी. फी माफीहून कमी माहिती असलेल्या योजना राहण्या-जेवणाच्या आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता.

राहण्याचा प्रश्न सोडवल्याखेरीज शिक्षण पोहोचत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे वेगवेगळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांनी ते शहर भरून गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि १९४७ मध्ये तिथेच कॉलेज काढून ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात आणले. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभारले तेव्हा नागसेनवनाच्या आखणीत वसतिगृहे होतीच. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून आलेल्यांची सोय पाहत आली आहे. या सगळ्यांनी छताबरोबर आणखी एक गोष्ट दिली. वसतिगृहातला वरच्या वर्गाचा मुलगा नव्याला फॉर्म कसा भरायचा, कोणत्या सरांना भेटायचे, कोणते पुस्तक आधी वाचायचे हे सांगायचा. घरी न मिळणारी माहिती तिथे पंगतीत मिळायची. आज पुण्यात ‘कॉट बेसिस’वर चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला डोक्यावर पत्रा मिळतो, तो वडीलधारा मुलगा मिळतोच असे नाही. शक्य असेल तिथे कॉलेजच्या किंवा संस्थेच्या वसतिगृहासाठी धडपडावे, ते याचसाठी; भाड्यातली बचत दुय्यम.

खासगी खोली घ्यावी लागलीच तर अनामत किती आणि परत कधी, वीजबिल कसे वाटायचे, हे कागदावर घ्यावे. मेस लावताना महिन्याच्या दरापेक्षा खाड्याचा नियम आधी विचारावा: सुट्टीला गावी गेल्यावर किती दिवस वळते होतात, की एकही नाही. जवळच्या गावाहून रोज येणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास भाड्याच्या एकतृतीयांशात पडतो, पण रोजचे तीन-चार तास गाडीत जातात. ते तास झोपेचे न करता वाचनाचे करणारी मुले असतात. अर्थात बसायला जागा मिळाली तर.

पहिल्या महिन्यातला खरा धक्का भाषेचा. मराठी माध्यमातून बारावीला अर्थशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली मुलगी पहिल्या तासाला ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ ऐकते आणि वहीत काहीतरी अर्धवट उतरवते. आठवडाभर ती समजते की हा धडा आपण कधी शिकलोच नाही. मग एके दिवशी फळ्यावर तीच उतरती रेषा निघते, आणि लक्षात येते की ही आपली ‘मागणीची लवचिकता’. बारावीला त्यावर तिने पानभर उत्तर लिहिलेले असते. भौतिकशास्त्रातला संवेग ‘मोमेंटम’ होऊन येतो, रसायनातले क्षपण ‘रिडक्शन’. विषय अनोळखी नसतो, फक्त नाव बदललेले असते. जूनपूर्वीच्या दोन महिन्यांत आपल्याच बारावीच्या पुस्तकाच्या मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून प्रत्येक धड्याचे शब्द जोडीने लिहून काढले, तर या धक्क्याची धार पुष्कळ बोथट होते. बालभारतीची दोन्ही पुस्तके संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. पुढच्या वर्षांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, आणि वीस खंडांचा मराठी विश्वकोश आहे. दोन्ही ऑनलाइन उपलब्ध. एखादी संकल्पना आधी मराठीत पक्की करून मग इंग्रजी पुस्तकाकडे जाणे यात कमीपणा काही नाही, उलट पाठांतर कमी होते. अनेक विद्यापीठांत कला आणि वाणिज्य शाखेचे पेपर मराठीतून लिहिता येतात. कोणते ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. इंग्रजी सुधारण्याच्या शिकवण्यांवर जो खर्च होतो त्यातला बराच भाग वाया जातो असे म्हणायला जागा आहे, कारण तिथे ओळख करून द्यायला शिकवतात आणि कॉलेजात गरज असते ती परिच्छेद वाचून समजण्याची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी रचना राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. तिने पदवीचा हिशेब क्रेडिटवर नेला. एका सत्राला २२ क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. वर्गातल्या शिकवण्याचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ३०. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे असे इतके खण आहेत की वेळापत्रक पाहून जुने प्राध्यापकही गडबडतात. विद्यार्थ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. एक, गौण विषय सोय म्हणून न घेता, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची किंवा स्पर्धा परीक्षेची वाट त्याने उघडते का ते पाहून घ्यावा. दुसरी, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी राखलेले क्रेडिट ओळखीच्या दुकानदाराच्या शिक्क्यावर उरकू नयेत. पतसंस्था, वृत्तपत्राचे कार्यालय, मृदा तपासणीची प्रयोगशाळा, ग्रामपंचायत, कुठेही महिनाभर खरे काम केले तर पदवीच्या कागदापलीकडे दाखवायला काहीतरी उरते. क्रेडिट साठवण्यासाठी बारा अंकी ‘एबीसी’ क्रमांक लागतो, आणि त्यावरचे नावही गुणपत्रिकेशी जुळावे लागते.

अंतर्गत गुणांकडे दुर्लक्ष करणारे हमखास पस्तावतात. किती गुण कॉलेजच्या हाती आणि किती विद्यापीठाच्या, याचे प्रमाण विद्यापीठागणिक बदलते. पण चाचणी, जर्नल, सबमिशन, सादरीकरण यांचे गुण हातातले असतात आणि ते वर्षभर थोडेथोडे मिळतात. अखेरच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याचे जर्नल उतरवणाऱ्यांची जी झुंबड उडते, त्यातल्या प्रत्येकाकडे पूर्वी तीन महिने होते. विषय राहिला तर एटीकेटी आहेच, पण कितींची मुभा आहे आणि कोणत्या वर्षात जाण्यापूर्वी पहिले वर्ष पूर्ण सुटलेले असावे लागते, हा नियम आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच वाचावा, मित्राच्या तोंडून ऐकू नये. निकाल अनपेक्षित लागला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून धावते.

प्राध्यापकांशी बोलण्याची सवय हे मोठे भांडवल आहे. शाळेत शिक्षकाच्या खोलीत बोलावणे म्हणजे चूक सापडली असा अर्थ असे. ते दडपण घेऊन आलेला विद्यार्थी तीन वर्षांत एकदाही विभागात पाऊल टाकत नाही. ‘सर, या प्रकरणातली एक शंका होती’ एवढे वाक्य पुरते. शंका नेमकी असावी, पुस्तकातले पान हातात असावे. अशा दहा-बारा भेटींनंतर प्राध्यापकाला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक होते. प्रकल्प, शिष्यवृत्तीचे शिफारसपत्र, उन्हाळी प्रशिक्षण यांची बातमी त्याच्याकडे आधी जाते. प्राध्यापक तासिका तत्त्वावरचे असतील तर पुढच्या वर्षी ते असतीलच असे नाही, म्हणून त्यांचा संपर्क घेऊन ठेवावा. यातले कित्येकजण तरुण, नेट-सेट झालेले आणि विषयात मुरलेले असतात, पगार मात्र तासावर.

वर्गाबाहेरच्या गोष्टींत सगळीकडे थोडेथोडे उभे राहण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन वर्षे टिकणे जास्त देते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. शिबिरात चाळीस माणसांचा स्वयंपाक, गावच्या सरपंचाशी बोलणी, पाऊस आल्यावर बदललेला कार्यक्रम, हे ज्याने सांभाळले त्याला कोणत्याही मुलाखतीत सांगण्याजोगे काहीतरी असते. पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी महिनाभर तालीम करणाऱ्या गटात नटांइतकीच पडद्यामागची मुले शिकतात. मंचावर एकदाही न गेलेल्या, पण प्रकाशयोजना लावून लावून त्यात तरबेज झालेल्या मुलाला पुढे तेच काम मिळाल्याची उदाहरणे नाट्यवर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत.

राज्यात आणखी एक प्रवाह मोठा आहे: नाव कॉलेजात, मुक्काम अभ्यासिकेत. एमपीएससीसाठी पदवी लागते, म्हणून ती सोपी जाईल अशी निवडायची आणि तीन वर्षे फक्त हजेरीपुरते कॉलेजला जायचे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषय परत आला. दीर्घ उत्तर लिहिण्याचा जो सराव पदवीच्या वर्गात फुकट मिळतो, तो नंतर क्लासमध्ये विकत घ्यावा लागतो. पदवीचा विषयच वैकल्पिक म्हणून नीट तयार करणारा विद्यार्थी दोन्ही कामे एकत्र करतो. शिवाय निवड होणाऱ्यांच्या तुलनेत बसणाऱ्यांची संख्या प्रचंड असताना, पदवीच्या कागदामागे विषयाचे ज्ञान असलेले बरे.

अडचणीच्या वेळी कुठे जायचे हेही आधीच ठाऊक असावे. रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक असून सदस्यांची नावे दर्शनी भागात लावलेली हवीत. मन थाऱ्यावर नसेल, झोप उडाली असेल, गावी परत जावेसे वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिल्या सहामाहीत घरची ओढ लागणे अगदी नेहमीचे असते, पण ते कबूल करणारी मुले थोडी.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की पुन्हा खिडकीशी काम पडते. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, परदेशाचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्ट, आणि पदवीदान समारंभाचा वेगळा अर्ज. त्याची मुदत चुकली तर वर्षभर थांबणे आले. कॉलेज सोडल्याचा दाखला मागण्यापूर्वी ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, जिमखाना या सगळ्यांची ‘नो ड्यूज’ची सही लागते. याच वेळी पहिल्या वर्षी भरलेली अनामत परत मिळते. ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची, कधी दोन्हींची मिळून. बहुतेक विद्यार्थी ती मागत नाहीत, कारण भरल्याचेच आठवत नाही. ती मिळवायला प्रवेशाच्या दिवशीची फीची मूळ पावती लागते.